न थांबता वाचलेला लेख

हे मी लिहिणारच नव्हतो. फाईल दोनदा उघडली, दोनदा बंद केली, आणि तिसऱ्यांदा उघडली तेव्हा एक बाई दाखल्याच्या चार प्रती काढायला आल्या, मग मी सुटलो. न लिहायला माणसाला कारण लागत नाही, निमित्त पुरतं. आता दुपारचे अडीच वाजलेत, दुकानात चिटपाखरू नाही, मामा जेवून आतल्या बाकावर आडवा झालाय, म्हणजे निमित्तही उरलेलं नाही. तुकड्या-तुकड्यानेच लिहून होणार. मधे कुठे सांधा दिसला तर समजा, कुणीतरी काउंटरवर नाणं वाजवून मला उठवलं होतं.

सोमवारी सकाळी उंट दुकानात आला. उंट म्हणजे माझा मित्र. समोरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आणि काउंटरवर कोपर टेकायचं तर त्याला अर्धं वाकावं लागतं. घरचं तो कधी बोलत नाही, आणि त्याच्या घरी मी कधी गेलेलो नाही. मी कॉलेजात नाही. बारावीनंतर 'दोन महिने बस जरा' म्हणून मामाच्या दुकानात बसलो तो सहा वर्षं बसलोय. झेरॉक्स, टायपिंग, स्पायरल, जे म्हणाल ते. मामाला अख्खं कॉलेज मामा म्हणतं, पण माझा तो खराच मामा, आईचा सख्खा भाऊ. आणि मला सगळे झेरॉक्स म्हणतात. उंटाने एक ओळखपत्र पुढे सरकवलं. "दोन काढ. परीक्षेच्या अर्जाला पालकांचं लागतंय." मी ते काचेवर पालथं घातलं, झाकण टाकलं, बटण दाबलं. हे मी दिवसाला चारशे वेळा करतो. म्हणजे हात करतो, मी तिथे नसतो. झाकणाच्या फटीतून उजेड सरकत गेला, कागद बाहेर आला, कोमट, ताज्या कागदाचा तो जरासा जळका वास, आणि मी सवयीने छपाई नीट आलीये का ते बघितलं. मी कागद डोळ्यांजवळ नेला. कागदावरच्या बाईंना मी ओळखत होतो. उजव्या कानाची पाळी फाटलेली, दोन बारीक टोकं वेगवेगळी लोंबणारी. हा चेहरा मी चाळीसेक वेळा पाहिला होता. थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पुढे. आणि त्या चेहऱ्यावर मी लिहिलेला लेख शनिवारी उंटानेच नऊ जणांसमोर मोठ्याने वाचला होता. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. एकदाही न थांबता.

"कोण ह्या?" मी विचारलं. एवढा मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारला नसेल.

"शेजारीण," उंट म्हणाला. "आई असणार ना, गाढवा. पालकांचं म्हटलं ना आत्ता?" मग कागद उजेडात धरून म्हणाला, "ही काळी आलीये रे. चेहराच कळत नाही. दुसरी काढ."

मी दुसरी काढली. झाकण उचलून ओळखपत्र सरळ करताना माझी बोटं मला दुसऱ्या कुणाचीतरी वाटत होती. त्याने दोन्ही कागद घडी न घालता वहीत ठेवले, 'येतो' म्हणाला आणि गेला. रस्ता ओलांडताना तो नेहमीसारखाच चालत होता, मान पुढे, हात मागे राहिल्यासारखे. मी काळी आलेली प्रत चुरगाळायला घेतली. चुरगाळवेना. पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवून ठेवली, आणि मामाने 'काय लपवतोयस रे?' म्हणून विचारलं तर काय सांगायचं ते ठरवत बसलो. मामाने विचारलंच नाही.

आता शनिवारचं सांगायला हवं, आणि त्यासाठी अंकाचं. समोरच्या कॉलेजातली आठ-दहा पोरं-पोरी मिळून एक अंक काढतात. आठ पानी, दीड-दोन महिन्यांनी एकदा, दोनशे प्रती. ग्रंथालयाच्या जिन्यावर, कँटीनच्या टेबलांवर, नोटीस बोर्डाखालच्या खिडकीत ठेवून देतात. त्यात कविता नाही, प्रवासवर्णन नाही, 'आमचे आदरणीय' नाही. त्यात फक्त आज आपल्याला काय दाखवलं जातंय आणि ते आपण कसं गिळतोय, एवढंच. एका पोरीने महिनाभर रोज संध्याकाळी बातम्यांवरचा एकच वाद बघून, सहा चौकटींतल्या माणसांपैकी कुणाला सलग किती सेकंद बोलू दिलं त्याचा तक्ता केला होता; सगळ्यात मोठा आकडा अकरा. एकाने मंत्र्याचा झाड लावतानाचा व्हिडिओ घेतला आणि मागच्या सावल्यांवरून दाखवून दिलं की ते झाड तीनदा लावलंय. उंटाने स्वतः गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींवर लिहिलं होतं, आणि ते वाचून मामा पोट धरून हसला होता, आणि मग दुकानाच्या काचेवरची तसलीच एक जाहिरात त्याने गुपचूप खरवडून काढली होती. छपाई आमच्याकडे. मी टाईप करायचो, पानं लावायचो. मी शिकलोय तो असाच. पोरं पुस्तकं आणतात आणि परीक्षेला लागतं तेवढंच प्रकरण काढून नेतात, त्यामुळे मला पुष्कळ पुस्तकांचं फक्त तिसरं प्रकरण माहीत आहे. सुरुवात काय होती आणि शेवटी काय ठरलं ते मला कुणी आणून दिलं नाही. एकदा अंकातल्या एका लेखातलं लांबलचक वाक्य मी टाईप करता करता दोन वाक्यांत तोडलं. लेख उंटाचा होता. तो प्रूफ घेऊन आला, बोट ठेवलं, म्हणाला, "हे कुणी केलं?" मला वाटलं आता मामाकडे तक्रार. मी म्हटलं, "हात चुकला." तो म्हणाला, "मग रोज चुकू दे."

त्यानेच मला बैठकीला नेलं. अंकाची संपादक एक मुलगी आहे, तिला सगळे कात्री म्हणतात. तिच्या हातात गेलेला लेख अर्धा होऊनच परत येतो. ती म्हणाली, "अंक विद्यार्थ्यांचा आहे. हा विद्यार्थी नाही." उंट म्हणाला, "आपल्यात शिकतंय कोण, सांग. आपण फक्त पास होतोय. शिकणारा हा एकटाच आहे." कात्री हसली नाही, पण खुर्ची पायाने माझ्याकडे ढकलली. त्या खुर्चीवर बसताना जे वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. घरी आईला एवढंच म्हटलं की शनिवारी जरा उशीर होईल.

बैठकीचे नियम कात्रीचे. डब्यात जाताना लेखावर नाव नसतं, ते अंकात येतं; सगळे लेख एकाच टाईपात मी छापतो, घडी घालून एका डब्यात टाकतो. ज्याच्या हाताला जो येईल तो त्याने मोठ्याने वाचायचा. सपाट वाचायचा, नाटक करायचं नाही. वाचणारा अडखळला किंवा थांबला तर तो लेख तिथेच बाद, कारण, कात्री म्हणते, "वाचणाऱ्याचा पाय घसरला तर चूक रस्त्याची." लेख ज्याचा असेल त्याने गप्प बसायचं, चेहरा हलवायचा नाही. मग बाकीच्यांनी फाडायचा. मग हात वर. वाचून पार झालेला आणि पसंत पडलेला लेख अंकाचा. लेखकाने तो परत मागायचा नाही.

शनिवारच्या डब्यात माझा लेख पहिल्यांदाच होता. आमच्या घरी रोज सकाळी आई इस्त्री करताना एक कार्यक्रम बघते. कुणाचं तरी मोठं दुःख असतं, समोर मऊ आवाजाचा सूत्रसंचालक असतो, तो प्रश्न विचारतो, मग रुमाल पुढे करतो, मग टाळ्या, मग जाहिरात. आई इस्त्री बाजूला ठेवून डोळे पुसते आणि पुन्हा कॉलरवर पाणी मारते. मला त्या कार्यक्रमाचा संताप होता. जुने भाग फोनवर मिळतात, त्यातला एक सहा वर्षांपूर्वीचा मी निवडला. एक बाई. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, कामावरच गेला. सूत्रसंचालक विचारतो, "त्या सकाळी तुम्ही त्यांना शेवटचं काय म्हणालात?" बाई थांबतात. कानाच्या फाटक्या पाळीला हात लावतात. मग म्हणतात, "मी म्हटलं, लवकर या." आणि रडतात. मी तो थांबा मोजला होता. लेखात लिहिलं होतं, "चार सेकंद. खरं आठवायला इतका वेळ लागत नाही. इतका वेळ फक्त परिणाम साधायला लागतो. हे दुःख घरून पाठ करून आणलेलं आहे, आणि सूत्रसंचालकाचा रुमाल अश्रूच्या आधी खिशातून निघतो, कारण दोघांनाही आपापली जागा माहीत आहे." ते लिहून झाल्यावर मी खुर्चीत मागे रेलून बसलो होतो. वाटलं, जमलं.

डब्यातून तो उंटाच्या हाताला लागला. मी समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डकडे बघत बसलो, चेहरा हलू नये म्हणून. तो उभा राहून वाचतो, बसून त्याचे गुडघे टेबलात अडकतात. आवाज सपाट. पहिल्या परिच्छेदात लोक हसले, रुमालाच्या ओळीला कात्री 'वा' म्हणाली, आणि ती कुणाला वा म्हणत नाही. मला तेव्हा फक्त माझे शब्द ऐकू येत होते. उंटाचा आवाज म्हणजे त्यांना लागलेला नळ. आज मी ते पुन्हा ऐकतोय, सोमवारपासून ऐकतोय, आणि आता मला फक्त आवाज ऐकू येतो. 'फाटक्या पाळीला' म्हणताना तो हळू झाला होता का? 'घरून पाठ करून' म्हणताना? घरून! ज्या घरातून पाठ करून आणलं म्हणत होतो त्या घरातला माणूस ते वाचत होता. त्याला एकच करायचं होतं, खोकायचं. घसा खाकरला असता, पान उलटताना अडकला असता, तर नियमाने लेख बाद, कुणाला काही कळलं नसतं, मलाही नाही. 'बाईंनी थांबा घेतला' हे वाचतानासुद्धा तो थांबला नाही. लेख एकमताने पहिल्या पानावर गेला. लेख कुणाचा, कात्रीने विचारलं, आणि मी हात वर केला. सगळ्यांनी टेबल वाजवलं. उंट म्हणाला, "चांगलं लिहिलंयस," आणि पाणी प्यायला बाहेर गेला. त्याला बाहेर पाच मिनिटं लागली. मी पाच मिनिटं मोजली नाहीत. तेव्हा मोजण्यासारखं मला काही दिसलंच नाही.

सोमवारी दिवसभर मी चुकीच्या प्रती काढल्या. एका वकिलाचे कागद उलटे गेले, एका मुलीच्या प्रबंधाचं चाळीसावं पान दोनदा बांधलं गेलं. मामा म्हणाला, "प्रेमात पडलायस की पोट बिघडलंय? दोन्हीला घरी जाऊन झोप." मी झोपलो नाही. मला सारखा माझे वडील गेले तो दिवस आठवत होता. मी अकरा वर्षांचा होतो. खोलीत माणसंच माणसं, शेजारच्यांकडून आणलेल्या वेगवेगळ्या खुर्च्या, आणि मी एका निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. मोठे काका सारखे म्हणत होते, "त्याला रडू द्या, मोकळा होऊ द्या." मला रडू येत नव्हतं. मला त्या खुर्चीच्या हाताला असलेली चीर बोटाने चाचपायची होती. पण सगळे वाट बघत होते. मी त्यांना ताटकळत ठेवलंय असं मला वाटायला लागलं. मग मी ठरवलं. श्वास धरायचा, खालचा ओठ आत घ्यायचा, एक, दोन, तीन, चार. चारला पाणी आलं. काकांनी पाठीवरून हात फिरवला, आत्या म्हणाली, "बिचारा," आणि खोलीतले सगळे सैल झाले. मी हे कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. सांगितलं तर तिला वाटेल माझं वडिलांवर प्रेम नव्हतं, आणि होतं की नाही ते ठरवायला माझ्याकडे पुरावा म्हणून एवढे चार आकडेच आहेत. त्या बाईंचा थांबा मी का मोजला, ते मला सोमवारी कळलं. मोजपट्टी माझी होती. मी स्वतःची चोरी ओळखली आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन ओरडलो, चोर, चोर.

मंगळवारी मी कात्रीला गाठलं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर ती प्रूफं तपासत बसली होती, केसात पेन.

"पहिलं पान बदल," मी म्हटलं. "माझा लेख काढ."

"नियम माहितीये ना?"

"माहितीये."

"मग जा. चहा पी."

"लेखात चूक आहे."

"कुठे? तारीख? नाव? सांग, दुरुस्त करू."

"चूक माझी आहे. लेख लिहिणाराच चुकलाय."

तिने प्रूफं मांडीवर ठेवली. "हे बघ झेरॉक्स, पहिल्यांदा नाव छापून येताना सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या वेळी मी दोन दिवस जेवले नव्हते. होतं."

"गोळा नाहीये."

"मग कारण सांग. धड कारण सांगितलंस तर मी सगळ्यांपुढे ठेवीन."

कारण सांगायचं म्हणजे उंटाला सगळ्यांसमोर उघडं करायचं. मी नुसती नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "कारण नाही, तर लेख राहतोय." मी म्हटलं, "पानं मी लावतो." हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा एकदम सपाट झाला. "धमकी?" ती म्हणाली. "दोन वर्षं आम्ही इथे कुणाच्या धमकीला भीक घातली नाही. प्राचार्यांच्या नाही, त्या मंत्र्याच्या पोरांच्या नाही. आणि तू?" मी खाली मान घालून उभा. मग ती पेन केसातून काढून, माझ्या लेखावर एक आडवी रेघ मारून म्हणाली, "घे. झाला रद्द. पण शनिवारी येऊ नकोस. ज्याला मागे घ्यायचं असतं त्याने पुढे यायचंच नसतं." मी ते प्रूफ घेतलं. दुकानापर्यंतचा रस्ता दोन मिनिटांचा, मला खूप लांब वाटला, आणि लाज वाटायची ती गोष्ट अशी की त्या रस्त्यावर मला बरं वाटत होतं. त्याग केल्यासारखं. उंटासाठी मी स्वतःचं नाव पुसलं, असं काहीतरी. मनातल्या मनात मी तेही जरा मोठ्या अक्षरात छापत होतो.

बुधवारी दुपारी उंट आला. काउंटरवर वाकला नाही. दारातच उभा राहिला, चौकटीच्या वर डोकं, म्हणून आधी मला त्याचा शर्ट दिसला. "बाहेर ये." मामा म्हणाला, "अरे, चहा सांगितलाय." उंट म्हणाला, "नको मामा, याला जरा झोडायचंय." मामा म्हणाला, "झोड, पण उजवा हात सोड, संध्याकाळी प्रबंध बांधायचाय." आम्ही दुकानामागे गेलो, तिथे रिकामी खोकी आणि टोनरचे मोकळे डबे पडलेले असतात.

"लेख काढलास."

"हो."

"कुणाला विचारून?"

"तुला विचारायला यायचं होतं. तोंड नव्हतं."

"मी तो वाचला," उंट म्हणाला. "न थांबता वाचला. पार केला. मला काय खोकता येत नाही? मला वाटलं असतं तर मी पहिल्या परिच्छेदातच घालवला असता. मी नाही घालवला, कारण शनिवारी माझ्या आईवर लिहिलंय म्हणून थांबलो, तर उद्या दुसऱ्याच्या आईवर लिहिताना मी कोण? आणि तू? तू दया केलीस. रुमाल पुढे केलास."

तो एका खोक्यावर बसला. बसल्यावर तो माझ्याएवढा झाला.

"तू सोमवारी मुद्दाम आलास का?" मी विचारलं. "ते ओळखपत्र घेऊन?"

"माहीत नाही. वाटेतली तीन दुकानं ओलांडून आलो, एवढं खरं." मग म्हणाला, "लेखातलं पाठांतराचं बरोबर आहे. तिने पाठ केलं होतं. मी बसायचो घड्याळ घेऊन. पंधरा वर्षांचा होतो. त्यांनी सांगितलं होतं, साडेतीन मिनिटांत बसवा. पहिल्यांदा नऊ मिनिटं झाली. मग मी तिला सांगायचो, आई, हे गाळ, ते गाळ. म्हणजे ती कात्री आत्ता आहे ना, तसा मी होतो." तो हसला, पण हसणं नाकापर्यंतच आलं. "'लवकर या' हे तिचं नाहीच. कार्यक्रमाकडून एक माणूस आला होता घरी, आधी माहिती घ्यायला. त्याने तिचं सगळं फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. त्यात ती शेवटचं काय म्हणाली होती ते तिने सांगितलं असणार. तो म्हणाला, ताई, हे नको, लोकांना पोचणार नाही, 'लवकर या' म्हणा. मग आम्ही तेच बसवलं. दहा दिवस. सकाळ-संध्याकाळ."

"आणि तो थांबा?"

"तेच सांगतोय. थांबा बसवलेला नव्हता. सूत्रसंचालकाने विचारलं आणि तिला वाटलं, इथे तरी खरं सांगावं. ऐन वेळी. आणि तिला आठवेना. खरं वाक्य गेलं होतं. दहा दिवस दुसरंच म्हणून म्हणून ते पुसलं गेलं. चार सेकंद ती शोधत होती रे. सापडलं नाही, मग पाठ केलेलं म्हणाली. ती रडली ती बाबांसाठी नाही, त्यांच्यासाठी ती घरी रडायची. तिथे रडली ती वाक्य हरवलं म्हणून. गाडीत परत येताना मला सारखं विचारत होती, मी काय म्हटलं होतं रे, तू होतास ना घरात? मी नव्हतो. मी शाळेत होतो."

रस्त्यावरून कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला. मी माझ्याच पायांकडे बघत होतो. खरं आठवायला इतका वेळ लागत नाही, असं मी लिहिलं होतं. कात्री 'वा' म्हणाली ती पुढच्या रुमालाच्या ओळीला, पण मला गर्व होता तो याच ओळीचा. सगळा लेख बरोबर होता आणि जिथे मी सर्वांत हुशार होतो तिथे तो खोटा होता. चाळीस वेळा पाहून मला दिसला तो माझा निळ्या खुर्चीवरचा पोरगा. त्या बाई समोर बसून काहीतरी शोधत होत्या, आणि मी घड्याळ बघत होतो. मला ते सगळं उंटाला सांगावंसं वाटलं, खुर्ची, काका, चार आकडे, आणि मी तोंडही उघडलं. मग वाटलं, आत्ता हे सांगितलं तर पुन्हा आपलंच दुःख मधे. सांगेन कधीतरी. हे त्याने वाचलं तर त्याला कळेलच.

"अजून नाही आठवलं त्यांना?" मी विचारलं.

"नाही. सहा वर्षं झाली. मधेच शिवणाचं मशीन थांबतं, मला कळतं, ती तिथेच गेलीये. तिला एवढंच ठाऊक आहे की काहीतरी साधंच होतं. दळण, नाहीतर किल्ली, असलं. आणि त्या माणसाला पहिल्यांदा सांगताना ती हसली होती. मी बाहेरच्या खोलीत होतो, मला हसण्याचा आवाज आला. मला राग आला होता तेव्हा. बाबा गेलेत आणि ही परक्या माणसासमोर हसते काय. म्हणून मी कान दिला नाही." तो थांबला. उंट वाचताना थांबत नाही, बोलताना थांबतो. "कान दिला असता तर आज मला माहीत असतं."

मग मला ते सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, ते माझ्याकडे होतंच. "तो माणूस," मी म्हटलं. "माहिती घ्यायला आलेला. शेवटी नावं येतात त्यात सहावं नाव त्याचं आहे. 'संशोधन' असं लिहून. मला पाठ आहे." उंट वर बघायला लागला. "आताच्या भागांत ते नाव येत नाही. पण माणूस सापडतो. त्या कार्यक्रमाच्या हापिसात जुनं काही असेल, त्याच्या जुन्या फोनमध्ये असेल, एखाद्या खोक्यात असेल. लोक काहीही जपून ठेवतात. मी बघतो ना इथे रोज, काय काय घेऊन येतात लोक."

"सहा वर्षं झाली," उंट म्हणाला. "पुसून टाकलं असेल."

"असेल. बहुतेक असेलच."

"मग?"

"तरी मी जाईन. रोज जाईन. दारात बसेन. तुला ठाऊक आहे, एका गोष्टीच्या मागे लागलो की मी कसा लागतो."

"ठाऊक आहे. वाचलंय मी, मोठ्याने." या वेळी तो खरंच हसला, आणि लगेच गंभीर झाला. आतून मामाची हाक आली, 'पोरांनो, चहा निवतोय, मारामारी चहानंतर करा.' आम्ही दोघेही हललो नाही. उंट टोनरचा एक मोकळा डबा हातात फिरवत होता, त्याच्या बोटांना काळं लागलं होतं आणि त्याच्या लक्षात नव्हतं.

"सापडलं तर," तो म्हणाला, "ऐकायचं नाहीस तू."

"मी?"

"तू. तू एकदा ऐकलंस की चाळीस वेळा ऐकशील. मग मोजशील. मग तुला त्यात काहीतरी दिसेल. आणि ते खरंसुद्धा असेल एखाद वेळी. पण ते वाक्य तिचं आहे. आधी तिने ऐकायचं. मीही नाही, तूही नाही."

मला कबूल करायला हवं की क्षणभर माझ्या मनात आलं, नुसतं एकदा, बरोबर तेच आहे ना एवढं बघायला. ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण उंट बघत राहिला, डोळे न हलवता, आणि मी हो म्हणेपर्यंत त्याने मला सोडलं नाही.

"नाही ऐकणार," मी म्हटलं. "शपथ. सापडलं तर आहे तसं तुझ्या आईच्या हातात देईन, कुठलं बटण दाबायचं तेवढं सांगेन, आणि तुझ्याबरोबर बाहेर येऊन दार ओढून घेईन. आतून काहीही ऐकू आलं, रडण्याचं, हसण्याचं, तरी त्यांनी स्वतः बोलावल्याशिवाय आत येणार नाही. आणि त्या सापडलेल्या वाक्यावर कधीच, कुठेच, एक ओळही लिहिणार नाही."